मापे बरोबर, पार्ट उलट हाताचा: फर्स्ट अँगल की थर्ड अँगल हे कसे ठरवायचे

व्हर्नियर लावा, हाइट गेज लावा, सीएमएमवर (निर्देशांकांनी मोजणाऱ्या मशीनवर) ठेवा, सगळी मापे ड्रॉइंगशी जुळतात. पण पार्ट असेंब्लीत बसत नाही. स्लॉट पुढच्या कडेजवळ हवा होता, तो मागच्या कडेजवळ आला आहे. किंवा काउंटरसिंक (स्क्रूचे डोके आत बसावे म्हणून भोकाच्या तोंडाशी केलेला शंकूसारखा खोलगा) नको त्या बाजूने झाले आहे. किंवा ब्रॅकेटची पट्टी उजवीकडे वळायची ती डावीकडे वळली आहे. ड्रॉइंग पुन्हा काढून पाहिले तर प्रत्येक आकडा जागच्या जागी.

अशी तक्रार आली की मशीन, ऑपरेटर आणि प्रोग्राम तपासण्याआधी ड्रॉइंग कोणत्या प्रोजेक्शनमध्ये (व्ह्यू कागदावर कुठे मांडायचे याच्या पद्धतीत, फर्स्ट अँगल की थर्ड अँगल) काढले आहे आणि कोणत्या प्रोजेक्शनमध्ये वाचले गेले, हे तपासा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळते. आणि ही चूक एकदा सुधारून संपत नाही, काही महिन्यांनी दुसऱ्या पार्टवर पुन्हा येते. ती परत का येते तेही खाली आहेच.

दोन्ही पद्धतींत नेमके काय बदलते

पुष्कळ जणांच्या डोक्यात असे बसलेले असते की फर्स्ट अँगलमध्ये व्ह्यू उलटे काढतात. तसे काही नसते. पार्टचा टॉप व्ह्यू दोन्ही पद्धतींत रेघ न् रेघ सारखाच असतो, पार्टची पुढची बाजू त्यात दोन्हीकडे खालच्या कडेलाच असते. उजवीकडून पाहिलेला व्ह्यूसुद्धा तसाच. बदलते ती फक्त कागदावरची जागा.

थर्ड अँगलमध्ये व्ह्यू जिकडून पाहिला तिकडेच ठेवतात. वरून पाहिलेला वर, उजवीकडून पाहिलेला उजवीकडे. फर्स्ट अँगलमध्ये पार्ट आपल्या आणि प्रक्षेपणाच्या प्रतलाच्या (ज्या सपाटीवर चित्र पडते तिच्या) मध्ये असतो, म्हणून भिंतीवर सावली पडावी तसा व्ह्यू पलीकडे जातो. वरून पाहिलेला खाली, उजवीकडून पाहिलेला डावीकडे. फ्रंट व्ह्यू आपल्या जागी राहतो.

‘अँगल’ म्हणजे आडवे आणि उभे प्रतल एकमेकांना छेदून होणाऱ्या चार कोनांपैकी एक. दुसरा आणि चौथा कोन वापरात नाहीत, कारण प्रतले उलगडून सपाट केली की तिथे फ्रंट आणि टॉप व्ह्यू एकमेकांवर येतात. उरतात पहिला आणि तिसरा. आयएसओला (आंतरराष्ट्रीय मानक संस्थेला) दोन्ही मान्य आहेत. अमेरिका, कॅनडा, जपान आणि ऑस्ट्रेलियात थर्ड अँगलची सवय आहे, तर युरोपचा बराचसा भाग, चीन आणि भारतात फर्स्ट अँगल रुळलेला आहे. पण देशावरून अंदाज बांधू नका. ड्रॉइंग ज्या ग्राहकासाठी काढले त्याच्या पद्धतीने काढलेले असते, आणि काढणारा कुठेही बसलेला असू शकतो.

यातून एक ताळा मिळतो, तो पक्का लक्षात ठेवा. फ्रंट व्ह्यूच्या भोवती असलेल्या कोणत्याही व्ह्यूमध्ये पार्टची पुढची बाजू थर्ड अँगलमध्ये फ्रंट व्ह्यूला लागून असते, आणि फर्स्ट अँगलमध्ये फ्रंट व्ह्यूपासून लांबच्या कडेला असते. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, चारही जागांना हे लागू होते. ‘टॉप व्ह्यू वर की खाली’ हे पाठ करण्यापेक्षा हा ताळा जास्त कामाचा, कारण पुढच्या सगळ्या तपासण्या यावरच उभ्या आहेत.

टायटल ब्लॉकमधले चिन्ह

टायटल ब्लॉक, म्हणजे शीटवरची माहितीची चौकट, तिथे प्रोजेक्शनचे चिन्ह असते: शेंडा कापलेला शंकू आणि त्याच्या शेजारी एकात एक दोन वर्तुळे. हे चिन्ह ‘वर्तुळे डावीकडे असली की थर्ड, उजवीकडे असली की फर्स्ट’ असे पाठ केलेले असते. बहुतेक शीटवर ते चालतेही. पण शीट फिरवून स्कॅन झाली असेल, किंवा टेम्प्लेट बनवताना कुणी चिन्ह जागेत बसावे म्हणून आडव्याचे उभे केले असेल, तर पाठ केलेले फसते.

त्याऐवजी शंकूचे कोणते टोक वर्तुळांकडे आहे ते पाहा. लहान टोक वर्तुळांकडे असेल तर थर्ड अँगल. मोठे टोक वर्तुळांकडे असेल तर फर्स्ट अँगल. चिन्ह फिरवा, मिरर करा, उभे करा, हा नियम बदलत नाही. कारणही सोपे आहे. दोन्ही वर्तुळे सलग रेषेत काढलेली आहेत, म्हणजे पाहणारा लहान टोकाकडून पाहतो आहे. मोठ्या टोकाकडून पाहिले असते तर आतले वर्तुळ झाकले गेले असते आणि तुटक रेषेत आले असते. लहान टोकाकडून पाहिलेला व्ह्यू लहान टोकाशेजारीच ठेवला तर थर्ड, पार्ट ओलांडून पलीकडे ठेवला तर फर्स्ट.

चिन्ह दिसले म्हणजे काम झाले असे मात्र नाही. चिन्ह आणि व्ह्यू एकमेकांशी जुळतात का हे वेगळे पाहावे लागते. बऱ्याच टेम्प्लेटमध्ये चिन्ह हे नुसते काढलेले चित्र असते. सॉफ्टवेअरमधली सेटिंग बदलली तरी ते तसेच राहते.

चिन्ह नसेल, किंवा त्यावर भरवसा नसेल तेव्हा

पार्टवर असे काहीतरी शोधा जे आरपार नाही: ब्लाइंड होल, पॉकेट, एका बाजूची पायरी, एकाच बाजूचा चॅम्फर (तिरकी छाटलेली कड). फ्रंट व्ह्यूमध्ये ते सलग रेषेत दिसत असेल तर ते पुढच्या बाजूला आहे. आता तेच शेजारच्या व्ह्यूमध्ये शोधा. फ्रंट व्ह्यूजवळच्या कडेतून आत शिरताना दिसले तर थर्ड अँगल. लांबच्या कडेतून शिरताना दिसले तर फर्स्ट.

दुसरी खूण टॉप व्ह्यूची. फ्रंट व्ह्यूच्या खाली एक व्ह्यू आहे आणि पार्टच्या वरच्या पृष्ठभागावरचा स्लॉट त्यात सलग रेषेत दिसतो. हा व्ह्यू खालून पाहिलेला असता तर स्लॉट तुटक रेषेत आला असता. म्हणजे हा वरून पाहिलेला व्ह्यू खाली ठेवला आहे, फर्स्ट अँगल.

तिसरी खूण सेक्शनच्या बाणांची. सेक्शन म्हणजे पार्ट कापून आतले दाखवणारा व्ह्यू; कटिंग प्लेनचे, म्हणजे कापाच्या रेषेवरचे, बाण नजरेची दिशा दाखवतात. बाण ज्या दिशेला टोक करतात त्याच बाजूला सेक्शन व्ह्यू ठेवला असेल तर फर्स्ट अँगल; बाणांच्या पाठीकडे ठेवला असेल तर थर्ड. पण ही खूण एकटी पुरेशी धरू नका. सेक्शन व्ह्यूला अक्षरे दिलेली असतात, त्यामुळे काढणारा तो जागा मिळेल तिथे ठेवतो, आणि त्यात चूक काही नाही.

तिन्ही खुणा एकच सांगत असतील तर पुढे जा. एकही विरुद्ध गेली तर थांबा आणि ड्रॉइंग पाठवणाऱ्याला विचारा. विचारताना ‘फर्स्ट की थर्ड?’ असे विचारू नका. समोरचा त्याच्या टेम्प्लेटवर काय लिहिले आहे ते सांगेल, आणि शंका तर नेमकी त्या टेम्प्लेटचीच आहे. ‘फ्रंट व्ह्यूकडे तोंड करून उभे राहिले तर स्लॉट माझ्या जवळच्या कडेला हवा की लांबच्या?’ असे विचारा. किंवा थ्रीडी मॉडेलचा एक स्क्रीनशॉट मागा.

ज्या ड्रॉइंगवर कोणतीच खूण चालत नाही

सगळ्यात जास्त स्क्रॅप यातूनच निघते, म्हणून एक उदाहरण नीट पाहू. एक ब्लॉक घ्या. डावी-उजवी लांबी ८० मिमी, उंची ४०, पुढून मागे खोली ५०. वरच्या पृष्ठभागावर ८ मिमी रुंद, ६ मिमी खोल स्लॉट डावीकडून उजवीकडे आरपार गेला आहे, त्याचे केंद्र पुढच्या कडेपासून १२ मिमीवर. पुढच्या बाजूने १० मिमी व्यासाचे भोक मागेपर्यंत आरपार, डाव्या कडेपासून २० मिमीवर, उंचीच्या मध्यावर.

काढणाऱ्याने दोनच व्ह्यू दिले: फ्रंट, आणि त्याच्या उजवीकडे एक साइड व्ह्यू. साइड व्ह्यूमध्ये ५० बाय ४० चा चौकोन, वर स्लॉटची खाच, उजव्या कडेपासून १२ मिमीवर, आणि भोकाच्या दोन आडव्या तुटक रेषा.

फर्स्ट अँगलने वाचा. हा डावीकडून पाहिलेला व्ह्यू, उजवी कड म्हणजे पार्टची पुढची बाजू, स्लॉट पुढून १२ मिमीवर. थर्ड अँगलने वाचा. हा उजवीकडून पाहिलेला व्ह्यू, उजवी कड म्हणजे मागची बाजू, स्लॉट मागून १२ मिमीवर. दोन्ही वाचनांत एकही रेघ विसंगत नाही. स्लॉट आरपार असल्यामुळे त्याची खाच दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, भोकही आरपार असल्यामुळे ते कुठल्या बाजूने शिरले हे कळायला मार्ग नाही. आणि हे दोन ब्लॉक एकमेकांचे आरशातले रूप आहेत. कसेही फिरवले तरी एकमेकांवर बसत नाहीत.

इथे चिन्ह हा एकच आधार. चिन्ह चुकले की पार्ट चुकलाच, आणि इन्स्पेक्शनलाही तो सापडणार नाही, कारण तपासणाराही तेच ड्रॉइंग त्याच सवयीने वाचणार. इथे टॉप व्ह्यू दिला असता तर प्रश्नच उरला नसता. म्हणून माझा आग्रह असा की पार्ट असा दुहेरी अर्थाचा असेल तर ‘दोन व्ह्यूंत सगळी मापे येतात’ हे कारण ऐकून घेऊ नका. तिसरा व्ह्यू मापांसाठी नकोच आहे, तो बाजू ठरवण्यासाठी हवा आहे.

उलट त्याच ब्लॉकमध्ये भोक आरपार नसून पुढून १५ मिमी खोल असते, तर थर्ड अँगलने वाचणाऱ्याला फ्रंट व्ह्यूमध्ये भोक पुढे दिसले असते आणि साइड व्ह्यूमध्ये मागून शिरताना दिसले असते. ही विसंगती म्हणजे थांबण्याची सूचना. दुर्दैवाने घाईत माणूस तुटक रेषांकडे काणाडोळा करतो, भोक पुढून मारतो आणि स्लॉट मागच्या कडेजवळ काढतो. मग तयार होतो तो पार्ट मूळचाही नसतो आणि त्याचे आरशातले रूपही नसतो.

नियमाप्रमाणेच असलेले, पण फसवणारे

फर्स्ट अँगलच्या ड्रॉइंगमध्ये शाफ्टच्या वर की-वेचा (चावी बसवायच्या खाचेचा) छोटा व्ह्यू दिसला आणि तो वरून पाहिलेला असेल, तर ड्रॉइंग थर्ड अँगलचे आहे असा निष्कर्ष काढू नका. हा लोकल व्ह्यू, म्हणजे पार्टच्या एकाच भागाचा व्ह्यू. बाकी ड्रॉइंग कोणत्याही पद्धतीत असो, लोकल व्ह्यू थर्ड अँगलमध्येच काढायचा असा आयएसओचा संकेत आहे. तो मुख्य व्ह्यूला बारीक साखळी रेषेने जोडलेला असतो, तीच त्याची ओळख.

लांब शाफ्टचा घोळ याहून वाईट. फर्स्ट अँगलमध्ये डाव्या टोकाचा व्ह्यू पार उजव्या टोकाच्या पलीकडे जातो. शाफ्ट लांब असला की पाहणाऱ्याची नजर शीटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावते. मग काढणारा सोयीसाठी डाव्या टोकाचा व्ह्यू डाव्या टोकाशेजारीच ठेवतो, बाण नाही, अक्षर नाही. वाचणाऱ्याला तो उजवीकडून पाहिलेला वाटतो. हेतू चांगला, परिणाम वाईट. असे करायचेच असेल तर त्यालाही रीतसर मार्ग आहे: नजरेच्या दिशेने बाण, त्यावर अक्षर, आणि व्ह्यूवर तेच अक्षर. आयएसओ ५४५६ च्या दुसऱ्या भागात ही बाणांची पद्धत फर्स्ट आणि थर्ड अँगलच्या बरोबरीने दिलेली आहे. बाण असला की व्ह्यू शीटवर कुठेही ठेवा, अर्थ बदलत नाही.

चूक परत का येते

कारण बहुतेक पार्ट ती उघड होऊ देत नाहीत. फिरत्या टर्निंग जॉबला फरक पडत नाही. सममित पार्टला पडत नाही. ज्या पट्टीला फक्त आरपार भोके आहेत ती उलटी ठेवली की आरशातले रूप तयारच असते, म्हणून तीही निभावते. त्यामुळे चुकीच्या पद्धतीने वाचणारा माणूस कितीतरी जॉब बरोबर करून देतो आणि त्याची सवय पक्की होत जाते. मग एके दिवशी त्याच पट्टीला एका बाजूने काउंटरसिंक येतात, किंवा शीट मेटलच्या पार्टला बेंड येतो, आणि लॉट जातो.

म्हणून लॉट लागण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: हा पार्ट आणि त्याचे आरशातले रूप फिरवून एकमेकांवर बसतात का? बसत असतील तर प्रोजेक्शनवर वेळ घालवू नका. बसत नसतील तर पहिला पीस ड्रॉइंगशी नाही, थ्रीडी मॉडेलशी किंवा प्रत्यक्ष जोडीच्या पार्टशी ताडून पाहा.

बाकीची कारणे किरकोळ वाटतात पण नेहमीची आहेत. पीडीएफ क्रॉप करताना टायटल ब्लॉक कापला जातो. ड्रॉइंगचा मोबाइलवर काढलेला फोटो पुढे जातो, त्यात फक्त व्ह्यू असतात. चिन्ह पहिल्या शीटवर असते आणि कामाला तिसरी शीट दिली जाते. जुन्या कागदी ड्रॉइंगवरून नवीन काढताना व्ह्यू जुन्या जागी राहतात आणि टेम्प्लेट नवीन येते. चिन्हाशेजारी शब्दांतही पद्धत लिहिली आणि प्रत्येक शीटवर लिहिली, तर यातली अर्धी कारणे तरी संपतात. शीटच्या कोपऱ्यात छोटा आयसोमेट्रिक व्ह्यू टाकला तर त्याहून बरे. त्यावर एकही माप लागत नाही, पण स्लॉट कोणत्या कडेला हे एका नजरेत कळते.

सॉफ्टवेअरमध्ये कुठे पाहायचे

सॉलिडवर्क्समध्ये शीटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, ‘टाइप ऑफ प्रोजेक्शन’ तिथेच आहे. इन्व्हेंटरमध्ये स्टाइल एडिटरमधल्या स्टँडर्डखाली. ऑटोकॅडमध्ये व्ह्यूएसटीडी कमांड. तिथली निवड नव्याने टाकलेल्या बेस व्ह्यूंना लागू होते, आधीचे व्ह्यू तसेच राहतात. फ्रीकॅडमध्ये टेकड्रॉ या ड्रॉइंगच्या वर्कबेंचच्या प्रेफरन्सेसमध्ये, आणि प्रोजेक्शन ग्रुपच्या प्रॉपर्टीमध्ये वेगळी निवडही करता येते, म्हणजे एकाच शीटवर दोन ग्रुप दोन पद्धतींचे असू शकतात. हे शेवटचे विशेष लक्षात ठेवा.

कोणतेही सॉफ्टवेअर असो, सेटिंग बदलल्यावर आधीचे व्ह्यू आणि टायटल ब्लॉकमधले चिन्ह दोन्ही डोळ्यांनी तपासा. टेम्प्लेट दुरुस्त करा आणि जुने टेम्प्लेट सर्व्हरवरून काढूनच टाका. ते राहिले की कुणीतरी वापरतेच.

एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत नेताना

हाताने करायचे असेल तर फक्त जागांची अदलाबदल: वरचा व्ह्यू खाली, डावीकडचा उजवीकडे. व्ह्यू फिरवायचा नाही, मिरर तर मुळीच करायचा नाही. मिरर केला की चित्र दुसऱ्याच पार्टचे होते. मापे व्ह्यूबरोबर जातात, पण दोन व्ह्यूंच्या मध्ये टाकलेली मापे आता कोणत्या व्ह्यूची हे पुन्हा ठरवावे लागते. सेक्शनच्या बाणांना हात लावू नका, त्यांची दिशा दोन्ही पद्धतींत तीच असते. लोकल व्ह्यूसुद्धा आहे तिथेच राहतो. शेवटी चिन्ह बदला आणि रिव्हिजन वाढवा. रिव्हिजन न वाढवता प्रोजेक्शन बदललेले ड्रॉइंग फार धोकादायक, कारण एकाच नंबरची, एकाच रिव्हिजनची, वेगवेगळी मांडणी असलेली दोन ड्रॉइंग फिरत राहतात.

लॉट बनून गेला असेल तर

लगेच स्क्रॅपमध्ये टाकू नका. डिझाइनमध्ये उजव्या आणि डाव्या हाताचे दोन्ही पार्ट असतील, तर उलटा बनलेला पार्ट दुसऱ्या हाताचा म्हणून चालू शकतो. आटे आरशाप्रमाणे उलटत नाहीत. टॅप (आटे पाडायचे हत्यार) उजव्या हाताचा होता म्हणून आटेही उजव्या हाताचेच आहेत, आणि दुसऱ्या हाताच्या पार्टलाही बहुधा तेच हवे असतात. एनग्रेव्ह केलेला पार्ट नंबर मात्र चुकीचा असेल, आणि फिनिश किंवा टॉलरन्स एका बाजूलाच कडक दिलेला असेल तर ती बाजू बदललेली असेल. हे दोन्ही तपासा. आणि तुटक रेषांकडे दुर्लक्ष करून अर्धा असा, अर्धा तसा बनवलेला पार्ट दुसऱ्या हाताचा म्हणून कधीच चालणार नाही, तो आधीच बाजूला काढा.